शार्कवत, खुर्चीसह

वस्तुसंग्रहालयात कोणी बसायचंच नाही असा काही नियम नव्हता. गिधाड बसलेलं होतं. माकडीण पिल्लाला पोटाशी धरून चांगली ऐसपैस बसली होती. पुतळ्यांच्या दालनातला एक राजा तर कित्येक शतकं उठलेलाच नव्हता. बसायची बंदी होती ती फक्त दालनं सांभाळणाऱ्या बायकांना. राखण करणारी बसली की पेंगते आणि पेंगली की मुलं काचेला नाक लावतात, असं फार पूर्वी कोणाच्या तरी डोक्यात आलं होतं. ज्याच्या डोक्यात आलं तो गेला, नियम राहिला.

दालनांना नंबर होते आणि नंबरावरूनच बायकांना हाका मारायची पद्धत होती. पक्ष्यांच्या दालनात सहाबाई, माशांच्या दालनात सातबाई. सातबाईंचं खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. घरी नवरासुद्धा चेष्टेनं "सातबाई, चहा होईल का?" म्हणायचा आणि त्या "हे दालन बंद आहे" म्हणायच्या.

सातबाईंचं दुखणं गुडघ्याचं. उजवा गुडघा सकाळीच कुरकुरायला लागायचा, जेवण झालं की डावा त्याला साथ द्यायचा. डॉक्टरांनी फोटो काढला आणि उजेडासमोर धरून दाखवला. "ही दोन हाडं. मध्ये गादी असते, ती झिजली. आता हाडाला हाड घासतंय."

"मग काय करायचं?"

"उभं राहायचं नाही."

"मला पगारच उभं राहायचा मिळतो, डॉक्टर."

ही हकिकत त्यांनी अधीक्षकांच्या कानावर घातली. अधीक्षक माणूस वाईट नव्हते. फक्त दोन गोष्टींना फार भ्यायचे, नियमाला आणि वरून आलेल्या माणसांना. ते म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल मला वाईट वाटतं. पण आज तुम्हाला खुर्ची दिली की उद्या सहाबाई मागतील, परवा हत्तीवाल्या मागतील. खुर्च्यांचं दालन उघडावं लागेल." आणि स्वतःच्या खुर्चीत मागे टेकून त्यांनी खरोखर हळहळून उसासा टाकला.

असं चाललं होतं. मग शार्क फाटला.

दालन सातमधला पेंढा भरलेला शार्क ही संग्रहालयाची शान होती. त्याच्या पोटाची शिवण उसवली आणि सातबाईंच्या डोळ्यांदेखत भुसा गळायला लागला. चार माणसांनी त्याला खांद्यावर घेऊन दुरुस्तीला नेलं. जागेवर राहिली ती लाल जाड दोरी, मागची पितळी पाटी आणि भिंतीला निळा रंग देऊन गेलेल्या रंगाऱ्याची विसरलेली खुर्ची. वेताच्या बैठकीची, दोन हातांची. रंगाऱ्यानं ती कुठून आणली होती देव जाणे. दोरीच्या आत एकटी, ऐटीत उभी होती.

सातबाईंनी दोन दिवस तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दालनात चिटपाखरू नव्हतं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दोरी उचलली, आत गेल्या आणि बसल्या. वेत हळूच करकरला. गुडघ्यांतून असं काही निवत गेलं की त्यांचे डोळे आपोआप मिटले.

उघडले तेव्हा समोर अधीक्षक उभे. त्यांच्या शेजारी वरून आलेले एक पाहुणे.

अधीक्षकांचा चेहरा पांढरा पडला. ते तोंड उघडणार एवढ्यात पाहुण्यांनी चष्मा चढवला आणि सातबाईंच्या डोक्यावरची पाटी मोठ्यानं वाचली. "शार्कवत. म्हणजे शार्कची लक्षणं असलेला प्राणी. सांगाडा मऊ हाडांचा, म्हणजे कूर्चेचा. मानेवर कल्ल्यांच्या फटी. कातडी उलट्या बाजूनं हात फिरवल्यास खरखरीत. दात पडले की नवे येतात." मग त्यांनी सातबाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सातबाई हलल्या नाहीत. हलायचं भानच राहिलं नव्हतं.

"वा!" पाहुणे म्हणाले. "जिवंत नमुना! अशी कल्पना पाहिजे, अधीक्षक. नाहीतर सगळीकडे मेलेली जनावरं."

वरून आलेल्या माणसाला नाही म्हणण्याचा अधीक्षकांना सराव नव्हता. "हो, हो," ते म्हणाले, "नवीन उपक्रम आहे."

पाहुणे गेले आणि अधीक्षक धावत परत आले. "उठा! उठा आधी! काय हा प्रकार!" असं म्हणत त्यांनी दोरीला हात घातला आणि तिथेच थबकले. त्यांना नियम आठवला. या संग्रहालयात दोरीच्या बाहेर ते कर्मचारी नाहीतर पब्लिक, आणि दोरीच्या आत ते प्रदर्शन. दोरीच्या आतली वस्तू फाटली-तुटली तरच दुरुस्तीला न्यायची, एरवी वस्तूंची निगा राखणारा जतनकार हजर असल्याशिवाय जागची हलवता येत नाही. आणि जतनकाराची जागा आधीचे जतनकार निवृत्त झाल्यापासून रिकामी होती.

"तुम्ही आत का गेलात?" ते रडवेले होऊन म्हणाले. "आता मी तुम्हाला बाहेर कसा काढू?"

"मी आपली आपण येते की."

"वस्तू आपली आपण येत नसते, बाई!"

खरं सांगायचं तर सातबाईंना यायचंही नव्हतं.

संग्रहालय बंद झाल्यावर वस्तू घरी जातात की नाही याबद्दल नियमात अक्षरही नव्हतं, तेव्हा संध्याकाळी त्या घरी गेल्या. घर तिसऱ्या मजल्यावर. रोज त्या प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबायच्या. दारात सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आज जिन्यात थांबली नाहीस."

"अहो आई, आज बसले होते."

"कुठे?"

सातबाईंनी सांगितलं. नवऱ्याच्या हातातला पेपर गदागदा हलायला लागला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचं वय ऐंशीच्या घरात, काठी नाही, चष्मा फक्त सुईत दोरा ओवताना. जमिनीवर मांडी घालून बसायच्या आणि हात न टेकता उठायच्या. आणि जीभ अशी की दगडावर घासून ठेवल्यासारखी.

"शार्क म्हणजे तो चावणारा मासा ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग यात नवीन ते काय? तू या घरात आलीस तेव्हाच मी ओळखलं होतं. सरकारला आत्ता कळलं."

दुसऱ्या दिवसापासून सातबाई रीतसर दोरीच्या आत बसायला लागल्या. जेवायला किंवा आणखी कुठे जायचं झालं, तर खुर्चीवर एक पुठ्ठा ठेवायच्या. 'नमुना जतनासाठी हलवला आहे.' पुठ्ठा अधीक्षकांनीच रंगवून दिला होता. एकदा चुकीच्या वाटेला लागलेला सरळ माणूस पुढची पावलं फार व्यवस्थित टाकतो.

लोक यायला लागले. एका गृहस्थांनी त्यांच्याभोवती जमेल तेवढी चक्कर मारली आणि बायकोला म्हणाले, "बघ, नीट बघितलं की साम्य कळतं. नाकाकडून बघ." एका मुलीनं विचारलं, "ही पोहते का?" तिच्या आईनं सांगितलं, "आत्ता विश्रांती घेतेय." एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन नमस्कार करायचे आणि काही न बोलता जायचे. सातबाईंना पहिले काही दिवस कानकोंडं झालं. मग सवय झाली. माणूस उभा असला की लोक त्याला वाट विचारतात, संडास कुठे आहे विचारतात, धक्का मारून पुढे जातात. बसलेल्या शार्कवत बाईला कोणी धक्का मारत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

चिडली ती फक्त सहाबाई. तिला आता पक्षी आणि मासे अशी दोन्ही दालनं सांभाळावी लागायची. "मजा आहे बुवा एकेकाची," ती जाता येता म्हणायची. "आम्ही मेलो तरी आम्हाला कोणी पेंढा भरणार नाही."

"तुझ्याकडे शहामृगाचं घरटं रिकामं आहे. बघ, जमतंय का."

"अंडी कोण घालणार? तुझा नवरा?"

आणि एके दिवशी सासूबाई आल्या. ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून, तिकीट काढून आल्या. सुनेला ओळखही दाखवली नाही. सगळे मासे क्रमानं पाहिले, मग दोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि जमलेल्या लोकांना विचारलं, "ही कोण?"

"शार्कवत आहे, आजी," एक कॉलेजातला मुलगा म्हणाला. "चावते की नाही ते लिहिलेलं नाही."

"चावत नाही," सासूबाई म्हणाल्या. "उलट उत्तरं देते. खायला मात्र छान करून घालते." आणि पुढच्या दालनात निघून गेल्या. सातबाईंना हसू दाबता दाबता घाम फुटला.

पण सुखाला दृष्ट लागतेच. दुरुस्ती होऊन शार्क परत आला. नवीन टाके, नवीन काचेचा डोळा, जरा आश्चर्य वाटल्यासारखा. वरच्या पाहुण्यांनी आठवणीनं चौकशी केली होती की जिवंत नमुना ठेवणार की नाही. अधीक्षकांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी एका प्राणिशास्त्राच्या बाईंना बोलावलं. त्या तपासून सांगतील ते खरं. नमुना खरोखर शार्कवत निघाला तर शार्कशेजारी खुर्चीसह कायम. नाही निघाला तर खुर्ची अडगळीच्या खोलीत आणि सातबाई परत पायांवर.

आदल्या संध्याकाळी सातबाई ताटातला भात नुसता चिवडत होत्या. नवरा म्हणाला, "अगं, नसशील शार्क तर नसशील. माणूस आहेस, तेही काही वाईट नाही."

"तुम्ही दिवसभर उभे राहा आणि मग सांगा," त्या म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या. उठताना टेबलाचा आधार घेतला. सासूबाईंनी ते पाहिलं. बोलल्या मात्र एवढंच, "उद्या मीही येणार. घरचं माणूस बरोबर असावं."

प्राणिशास्त्राच्या बाई किडकिडीत होत्या, आवाज हळू आणि हातात एक भिंग. दोरीपाशी उभं राहून त्यांनी आधी पाटी पुसली आणि मग बोलायला लागल्या. बोलता बोलता त्यांचे कान लाल झाले.

"हा शब्द लोक कसाही वापरतात," त्या म्हणाल्या. "कोणी कोणाला लुबाडलं की शार्कवत. कोणाचे दात पुढे असले की शार्कवत. माझ्या दिरानं त्याच्या साहेबाला म्हटलं, तेव्हा मी जेवण सोडून उठले होते. शार्कवत म्हणजे दुष्ट नव्हे हो! शार्कवत म्हणजे शरीरात एकही कडक हाड नाही. सगळा सांगाडा कूर्चेचा. आपल्या नाकाचा शेंडा असतो ना, तसा. हाडांवाचून जो आयुष्यभर ताठ राहतो, त्याला शार्कवत म्हणायचं."

"हाडांवाचून?" सासूबाई दोरीबाहेरून म्हणाल्या. "मग आमच्या घरातले सगळे पुरुष त्यातच येतात. कणाच नाही एकाला."

"ते ताठ राहतात का?"

"जेवायला बसताना."

"मग नाही," त्या बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या आणि दोरी ओलांडून आत गेल्या.

तपासणी सुरू झाली. सातबाईंच्या मानेवर वयानं आडव्या वळ्या पडल्या होत्या. बाईंनी त्या भिंगातून पाहिल्या, बोटानं मोजल्या आणि म्हणाल्या, "फटी नाहीत, पण दिशा बरोबर आहे." कोपरावरून उलटा हात फिरवला. "खरखरीत. छान." अधीक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला. दातांची चौकशी झाली. अक्कलदाढ उशिरा, दुसरं मूल झाल्यावर आली होती, तेही त्यांनी जमेस धरलं. "आता कूर्चा," त्या म्हणाल्या आणि सातबाईंचा कान हळूच दुमडून सोडला. कान जागेवर परत आला. "उत्तम!"

सातबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. आता होतंच आलं होतं.

आणि सासूबाईंना राहवलं नाही. सुनेचं कौतुक चाललंय आणि आपण गप्प, हे त्यांना कधी जमलेलं नव्हतं. "अहो, कूर्चा म्हणजे ती गादीच ना? गुडघ्यात असते ती?"

"हो, तीच."

"मग तेही विचारा की! डॉक्टरांनी हिचा मोठा फोटो काढलाय. गादी पार संपली, तिळाएवढीही उरली नाही म्हणाले. हाडाला हाड घासतंय! असं कोणाचं पाहिलंय का तुम्ही?"

सगळे वळून बघायला लागले. नव्या डोळ्याचा शार्कसुद्धा सासूबाईंकडे बघतोय असं वाटलं.

प्राणिशास्त्राच्या बाईंनी भिंग पदराआड लपवावं तसं हळूच खिशात घातलं. "नुसती हाडं," त्या म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. "मला माफ करा. पण यांच्याइतकं कमी शार्कवत कोणी मी आजवर पाहिलेलं नाही."

"म्हणजे उठायचं?" सातबाईंनी विचारलं.

अधीक्षक खाली बघत म्हणाले, "नमुनाच नाही म्हटल्यावर जतनकाराचा प्रश्न येत नाही. तुम्ही आपल्या आपण उठू शकता, बाई."

त्या उठल्या. दोन्ही गुडघे एकदम वाजले. सुकी काटकी मोडावी तसा आवाज माशांच्या काचांवरून फिरून परत आला. त्या दोरीखालून वाकून बाहेर आल्या आणि रोजच्या जागी, भिंतीजवळ, उभ्या राहिल्या. अंगातला गणवेशाचा निळा कोट नीट केला आणि समोर बघत राहिल्या.

सासूबाई सुनेकडे बघत होत्या. सून घरात आली त्या दिवसापासून त्यांनी तिला शेकडो गोष्टी ऐकवल्या होत्या. त्यातली एकही परत घ्यावी असं त्यांना वाटलं नव्हतं. आज वाटलं. पण बोललेलं परत घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यामुळे त्यांनी दुसरं काहीतरी केलं.

त्यांनी दोरी उचलली, आत गेल्या आणि खुर्चीत मांडी घालून बसल्या.

"आजी!" अधीक्षक किंचाळले.

"आता हलवा मला," सासूबाई म्हणाल्या. "आणा तुमचा जतनकार."

अधीक्षकांनी डोकं धरलं. प्राणिशास्त्राच्या बाईंचे कान मात्र पुन्हा लाल व्हायला लागले होते. त्या सासूबाईंच्या मांडीकडे बघत होत्या. "या वयात?" त्या हलकेच म्हणाल्या. "गुडघे दुखत नाहीत?"

"कशाला दुखतील? मी काय सरकारी नोकरी केली?" सासूबाईंनी डावा पाय उचलला आणि पंजा सहज कपाळाला लावला. भिंग खिशातून बाहेर आलं.

"दात?"

"गेल्या हिवाळ्यात एक नवीन आला. हा बघा, मागे. आमच्या दाताच्या डॉक्टरनं शेजारच्या डॉक्टरला बोलावून दाखवला."

"कातडी?"

"फिरवा हात."

बाईंनी फिरवला आणि आपला तळवा बघितला. मग कान दुमडले, नाक दाबलं, मनगटं वाकवली. नाकाला जास्तच वेळ लागला. शेवटी त्या सरळ उभ्या राहिल्या. एखादा शब्द आयुष्यभर जपून ठेवलेल्या माणसाचा, तो वापरायची वेळ आली की होतो, तसा त्यांचा आवाज झाला. "बऱ्याच अंशी," त्या म्हणाल्या, "शार्कवत."

"कळलं का?" सासूबाई सुनेला म्हणाल्या. "उगाच मिरवत होतीस."

अधीक्षकांनी कपाळ पुसलं. नमुना सिद्ध झाला, पाहुणे खूश राहतील, नियम मोडला नाही. खुर्ची राहिली. सातबाई भिंतीजवळ उभ्या होत्या. बरं झालं, त्यांनी मनाशी म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला तरी बसायला मिळालं. आणि उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेतला.

सासूबाई खुर्चीत बसल्या. मग इकडे वळल्या. मग तिकडे. शेजारच्या शार्कच्या टाक्यांची शिलाई वाकड्या नजरेनं पाहिली आणि नाक मुरडलं. मग ताडकन उठल्या.

"मला नाही एका जागी बसवत. जीव गुदमरतो. घरी मी जेवतेसुद्धा फिरत फिरत."

"पण नमुन्यानं…" अधीक्षक सुरू झाले.

"बरोबर आहे!" प्राणिशास्त्राच्या बाई जवळजवळ ओरडल्याच. "अगदी बरोबर! शार्कच्या पोटात हवेची पिशवी नसते. तो पाण्यापेक्षा जड. पोहायचा थांबला की खाली बुडतो. हालत राहणं हेच तर मुख्य लक्षण! यांना बसवून ठेवलंत तर पाटी खोटी ठरेल."

"मग यांनी करायचं काय?"

"फिरायचं. दालनभर."

"दोरीच्या बाहेर?"

"समुद्राला दोरी असते का?" बाईंनी विचारलं. त्या असं बोलणाऱ्यांतल्या वाटत नव्हत्या. बहुधा त्यांनाही आनंद झाला होता.

अधीक्षकांनी बराच वेळ विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक नियम सरकत गेला आणि कुठेच अडला नाही. फक्त एक अडचण उरली. "नमुना फिरत असताना दोरीच्या आतली जागा रिकामी राहील. लोक विचारतील. तिथे कोणीतरी जागा धरून बसायला हवं."

सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं. "ही बसेल. दुसरं येतंय काय तिला?"

तेव्हापासून माशांच्या दालनात एक म्हातारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फेऱ्या मारत असते. काचेला नाक लावणाऱ्या मुलांचा कान ती न थांबता धरते. "हात मागे! मी काय आहे माहीत आहे ना?" मुलांना माहीत असतं. संडासाची वाट तीच दाखवते. दालन इतकं शिस्तीत कधीच नव्हतं. आता सहाबाई शहामृगाच्या घरट्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागली आहे.

पाटीखाली खुर्चीत सातबाई बसलेल्या असतात. गर्दी ओसरली की सासूबाईंची फेरी खुर्चीपाशी जरा हळू होते.

"दुखतायत का?" त्या पुढे बघतच विचारतात.

"आज नाहीत, आई. तुम्ही थोडं टेका ना."

"बुडेन," सासूबाई म्हणतात आणि पुढे निघतात.